लोणंदला उतरलेला माणूस

आमच्या सांगलीच्या देवळात पश्चात्तापावर उपदेश असला, की लहान मुलं आपणहून पुढच्या बाकांवर सरकायची. एरवी उपदेशाला पेंगणारी ही मुलं त्या रविवारी ताठ बसत, कारण पलटणीतून निवृत्त झालेले हवालदारमामा बोलणार असतील तर ते मध्येच खाली मोकळ्या जागेत उतरणार, छाती काढून उभे राहणार आणि स्वतःच स्वतःला हुकूम सोडणार, हे त्यांना ठाऊक असायचं. "पीछे मुड!" टाच फिरायची, बूट फरशीवर आपटायचा आणि मामा मंडळीकडे पाठ करून भिंतीवरच्या क्रुसासमोर खांबासारखे उभे. तसेच पाठमोरे ते म्हणायचे, "पश्चात्ताप म्हंजी ह्यो. पापाकडं पाठ, देवाकडं तोंड. समजलं का?" मुलं एका सुरात "समजलं" म्हणायची आणि मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या पदरात हसायच्या.

माझे वडील त्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. त्यांची तऱ्हा वेगळी. ते शब्दाची फोड करत. पश्चात्ताप म्हणजे मागून होणारा ताप, पण शास्त्राला अभिप्रेत आहे तो नुसता ताप नव्हे, मनाचं पालटणं, असं ते शांतपणे, दाखले देत सांगत. मंडळी मान डोलावत आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत सगळं विसरून जात. मामांची टाच मात्र आठवडाभर घरोघर फिरायची. बाबांना त्याचं वाईट वाटत नसे. "माझा तासाभराचा उपदेश हा माणूस एका टाचेवर फिरवतो," असं ते जेवताना कौतुकानं म्हणत.

मामा आम्हाला मिळाले ते साताऱ्यात. बाबा तिथं पाळक असताना एका सकाळी देवळाच्या पायरीवर लष्करी पेटी शेजारी ठेवून एक उंच माणूस बसलेला दिसला. अंगाला दारूचा वास होता, पण बूट लखलखीत होते. काही काम मिळेल का, असं त्यानं विचारलं. बाबांनी आवारातली झाडं दाखवली. त्या दिवशी त्यानं सगळ्या झाडांना आळी केली, बुंध्यांना गेरू-चुना फासला आणि संध्याकाळी रांगेत उभ्या जवानांसारखी ती झाडं बाबांना दाखवली. पुढं तो तिथंच राहिला. दारू सुटायला बरेच दिवस लागले. सुटली, परत धरली, पुन्हा सुटली. अखेर सुटली तेव्हा त्यानं बाप्तिस्मा मागितला. बाबांची बदली सांगलीला झाली आणि काही महिन्यांनी तीच पेटी डोक्यावर घेऊन मामा आमच्या दारात हजर झाले. देवळामागच्या खोलीत त्यांनी मुक्काम टाकला आणि उपासनेची घंटा, झाडलोट, बाकांची डागडुजी, सगळं आपल्या अंगावर घेतलं.

त्यांची खोली मी कितीदा पाहिली असेन. लोखंडी खाट, तिच्यावर एकही सुरकुती नसलेली घोंगडी, खिळ्याला पट्टा आणि खाटेखाली ती पेटी. चहा ते पितळी मगातून पीत आणि आईच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणत. "लंगरमधी आज काय हाय, बाई?" अशी त्यांची रोजची विचारणा असे. आईला ते बाई म्हणत, बाबांना पाळकसाहेब आणि मला ताई. मी तेव्हा विश्रामबागेतल्या कॉलेजात जाऊ लागले होते. माझ्या सायकलची साखळी सैल झाली की मामांना कसं कोण जाणे आधीच कळायचं. मी निघायच्या वेळी सायकल भिंतीला उलटी टेकवलेली आणि मामांचे हात तेलानं काळे.

गाण्यात त्यांना गती नव्हती. पण गीतं ते सर्वांत मोठ्यानं म्हणत आणि चालीच्या बरेच पुढं जात. पेटी वाजवणारे मास्तर वैतागत. मामा म्हणत, "म्या काय करू, माझा पाय पलटणीचा हाय, गाणं बी त्याच्याच चालीनं जातं."

त्यांची साक्ष सगळ्यांना पाठ होती. आमच्यात साक्ष देणं म्हणजे देवानं आपल्याला कसं सुधारलं ते चारचौघांत उठून सांगणं. मामांच्या साक्षीत रम असायची. ती कशी मिळायची, कशी चढायची, नशेत एकदा सुभेदारसाहेबांना सलाम करायचा तो त्यांच्या खेचराला कसा केला, हे सगळं ते रंगून सांगत आणि शेवटी साताऱ्यात ओढ्यावर बाटली फोडली त्या प्रसंगावर येत. मंडळी दर वेळी तितकीच हसत आणि दर वेळी तितकेच डोळे पुसत. फक्त आई कधी हसली नाही. एकदा तिनं भाजी निवडता निवडता म्हटलं, "मामा, ती एकच बाटली तुम्ही किती वेळा फोडणार?" मामा हसले, पण थोडे उशिरा.

गावाचा विषय काढलेला त्यांना चालत नसे. कुणी विचारलंच तर "तिकडं, कडेगावाकडं," म्हणून ते हात असा हलवत, की जणू ते गाव विलायतेला असावं. घरी कुणी नाही, हे आम्हा सर्वांना माहीत होतं. बाबांनी बाप्तिस्म्याच्या आधी विचारलं होतं आणि त्यांनी तसंच सांगितलं होतं. त्यामुळं नाताळात आणि पुनरुत्थानाच्या सणाला त्यांचं पान आमच्याच घरी असायचं. आपल्याला कुणी नाही याचं दुःख करत बसणारा हा माणूस नव्हता, एवढंच आम्हाला दिसायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तो किती कोरडा होता हे त्या भागातल्या माणसांना सांगायला नको. विहिरींचे तळ दिसू लागले, गुरं निघून गेली आणि चांगल्या खात्यापित्या घरच्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसल्या. आमच्या मंडळीनं दुधाची भुकटी आणि सुकडीचं गोड पीठ मिळवलं होतं. ट्रकमध्ये मोठी पातेली टाकून आम्ही आठवड्यातून एकदा कामांवर जायचो, तिथंच पाणी तापवून दूध करायचं आणि बायापोरांना वाटायचं. जत, कवठे महांकाळकडच्या कामांवर मामा सगळ्यात पुढं असत. रांग लावण्यात त्यांचा हात कोण धरणार? एकदा मात्र ट्रक कडेगावच्या बाजूला जायचा ठरला आणि मामांचा गुडघा दुखू लागला. बाबा म्हणाले, बसून ओगराळ्यानं दूध घाला, रांग आम्ही बघतो. नाही म्हणायला मामांना जागा उरली नाही. वाटेत ते ट्रकच्या मागच्या भागात पातेल्याला टेकून बसले होते.

कामावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. उघड्या माळावर खडीचे ढीग आणि प्रत्येक ढिगापाशी धुळीनं पांढरी झालेली एकेक बाई. दूध तयार झालं, रांग लागली. मी मामांच्या शेजारी उभी राहून सुकडी देत होते. एक बाई पुढं आली. वय मामांपेक्षा बरंच कमी असावं, पण उन्हानं रापलेली. कपाळावरच्या धुळीत ठसठशीत कुंकू. तिनं उजव्या हातानं तांब्या पुढं केला. डावा हात कोपरातून वाकडा होता, मोडलेलं हाड वेडंवाकडं सांधलं की होतो तसा. मामांचं ओगराळं पातेल्यावरच थांबलं. त्यांची नजर त्या हातावर होती. तोंडाकडं त्यांनी पाहिलंच नाही. मला वाटलं, गुडघ्यात कळ आली.

ती बाई थोडा वेळ उभी राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "घाला की. मागं माणसं हायत."

मामांनी दूध घातलं. निम्मं सांडलं. ती वळली आणि आपल्या ढिगाकडं चालू लागली. मामांनी ओगराळं माझ्या हातात दिलं आणि ट्रकच्या सावलीत जाऊन बसले ते आम्ही निघेपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. बूट बाहेर काढून ठेवले होते. आईनं पाट दिला, पण ते उंबऱ्याबाहेर जमिनीवरच बसले आणि बाबांना बोलावता का, म्हणाले. बाबा आले. मी आत तांदूळ निवडत होते. मला कुणी जा म्हटलं नाही.

"पाळकसाहेब," मामा म्हणाले, "बाप्तिस्म्याच्या येळी तुमी इचारलं, मागं कोण हाय. मी म्हणलं, कुणी न्हाई. ते खोटं व्हतं."

मग त्यांनी सांगितलं. साक्षीत सांगायचे तसं रंगवून नाही, थांबत थांबत. लग्न झालं होतं. बायकोचं नाव हौसा. घरी ती आणि मामांची आई, दोघीच. ते सुट्टीवर आले की रम घेऊन यायचे आणि सुट्टी संपेपर्यंत घरात कुणाला सुख नसायचं. शेवटच्या सुट्टीत तिनं बाटली ज्वारीच्या कणगीत लपवली. त्यांनी मागितली, तिनं दिली नाही. त्यांनी तिला ढकललं. ती दगडी उंबऱ्यावर हातावर पडली आणि हाड मोडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. पहाटे, सुट्टी संपायच्या आधीच, ते तिच्याकडं न बघता घरातून निघाले. त्यानंतर पत्र लिहायला बसले की तो आवाज आठवायचा. मग पत्रंही थांबली.

पेन्शन झाल्यावर मात्र ते घरी जायलाच निघाले होते. तिकीट कऱ्हाडचं काढलं होतं. सकाळी गाडी लोणंदला थांबली आणि ते चहा प्यायला उतरले. गाडीनं शिट्टी दिली, ती हलली आणि हे बाकावर बसून राहिले. तिथून बस धरून साताऱ्याला आले, आमच्या देवळाच्या पायरीवर.

मग स्वतःच म्हणाले, "चहा प्यायला उतरलो असं मी म्हंतो खरं. पर पेटी घिऊन चहाला कोण उतरतं, साहेब?"

बाबा म्हणाले की त्या दिवशी उत्तर देताना तुम्ही माझ्याकडं बघत नव्हता, ते माझ्या लक्षात आलं होतं. पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. हे ते मामांना धीर द्यायला बोलत नव्हते. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता.

आईनं विचारलं, आता काय करणार? मामा म्हणाले, रात्रभर प्रार्थना केली, आज उपास धरलाय, पश्चात्ताप करतोय. आई चुलीशी वळली. चहाचं आधण ठेवता ठेवता तिनं विचारलं, "मामा, तुमच्या पलटणीत पीछे मुड झाल्यावर माणूस कुठं जातो?"

"जात न्हाई, बाई," मामा म्हणाले. "जाग्यावरच ऱ्हातो. तेज चल म्हणल्याबिगर पाय उचलायचा न्हाई."

चहा झाला, आईनं त्यांचा पितळी मग भरून त्यांच्यापुढं ठेवला. मामांनी तो हातात धरला आणि निवेपर्यंत तसेच बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजवली, देवळाच्या किल्ल्या बाबांच्या टेबलावर ठेवल्या आणि पेटी डोक्यावर घेऊन ते एस.टी. स्टँडकडं चालते झाले.

पुढच्या खेपेला आम्ही मुद्दाम त्याच कामावर गेलो. आईला राहवत नव्हतं. माळावर पोचल्यावर मी आधी हौसाबाईंना शोधलं. त्या आपल्या ढिगापाशी होत्या. मामा पार दुसऱ्या टोकाला, म्हाताऱ्यांच्या रांगेत, हातोडा घेऊन खडी फोडत बसलेले. अंगावर खाकी शर्ट, पायात बूट नव्हते. त्यांनी गावात आल्या दिवशी हौसाबाईंच्या दारात जाऊन माफी मागितली होती. दार उघडं होतं, पण त्यांना आत या म्हटलं नव्हतं. रात्री ते मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर झोपत. ख्रिस्ती झालेला माणूस शेवटी मारुतीच्याच आसऱ्याला आला म्हणून गावानं त्यांची थट्टा केली, तर ते म्हणाले, मालकाचं मन मोठं हाय, मला उठवत न्हाई.

आई हौसाबाईंच्या ढिगापाशी जाऊन बसली. मीही. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा शिव्या देतील. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. सासूचं सगळं मी केलं, त्या चांगल्या होत्या, दोन सालांमागं गेल्या, असं त्यांनी सांगितलं. पत्रं बंद झाली तेव्हा गाव म्हणालं, गेला असंल. भाऊ न्यायला आला. त्या गेल्या नाहीत, कारण सासूला एकटीला टाकून कसं जायचं.

आईनं हळूच विचारलं, त्यांच्याबद्दल काय ठरवलंय. हौसाबाई म्हणाल्या, "माफी मागत्यात. मी म्हणलं, मागा की. मागायला कोण नगं म्हंतंय? पर मी दीन तवा दीन. आन् न्हाई बी देणार कदाचित."

हे बोलणं आईनं मामांना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, तिनं थोडं मऊ करून सांगायला हवं होतं. मामांच्या तळव्यांना फोड येऊन फुटले होते. ते हाताकडं बघत म्हणाले, "तिचं बरोबर हाय, बाई. माफी मिळावी म्हणून मी आलो न्हाई. माझी जागा हितं व्हती, म्हणून आलो."

पश्चात्तापावर मी पुढं पुष्कळ ऐकलं, वाचलंही. पण त्या माळावर, धुळीत, जे ऐकलं त्याच्यापुढं मी अजून गेलेले नाही.

निघताना मी पाहिलं, हौसाबाई पाणी प्यायला उठल्या. परत येताना त्या म्हाताऱ्यांच्या रांगेवरून गेल्या आणि जुन्या लुगड्याच्या दोन पट्ट्या मामांच्या पुढ्यात टाकून, न थांबता, न बघता आपल्या ढिगाकडं गेल्या. मामांनी त्या पट्ट्या हातांना गुंडाळल्या.

पुढच्या साली पाऊस बरा झाला, कामं बंद झाली. हौसाबाईंचं थोडं रान होतं. मामांनी त्याचे बांध घातले, गोठा शाकारला. गोठा शाकारून झाल्यावर हौसाबाई म्हणाल्या, आता त्यातच ऱ्हावा, देवळाची ओसरी लोकांची हाय. एवढी बातमी मामांनी आम्हाला अशा आवाजात सांगितली, की जणू त्यांना सुभेदारी मिळाली होती.

शनिवारी ते एस.टी.नं सांगलीला येत आणि रविवारची घंटा वाजवत. उपासना झाली की परत. येताना त्यांच्या पिशवीत आमच्यासाठी कधी हुलगे, कधी मटकी असे. "तिनं दिलंय" असं ते सांगत. मंडळीत मात्र कुजबूज सुरू झाली होती. मामांनी बाबांच्या परवानगीनं एका रविवारी उभं राहून सगळं सांगितलं होतं आणि त्या वेळी कुणी हसलं नव्हतं. काहींचं म्हणणं, खोटं बोलून घेतलेला बाप्तिस्मा तो बाप्तिस्माच नव्हे. काहींचं म्हणणं, आता बायकोला इकडं आणा, तिलाही पाण्यात उतरवा, म्हणजे सगळं नीट होईल. बाबा पहिल्यांना म्हणाले की बाप्तिस्मा देणारा मीही तितकाच गाफील होतो, काढायचं तर आधी मला काढा. दुसऱ्यांना मामाच म्हणाले, "तिचा एक हात मी मोडलाय. आता तिला हाताला धरून कुठं वढायची न्हाई."

पीछे मुड त्यांनी पुन्हा कधी करून दाखवलं नाही. मुलं मागं लागायची. ते म्हणत, गुडघा दुखतोय. आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटतात त्या रविवारी ते अगदी शेवटच्या बाकावर बसू लागले. भाकरीचं ताट आलं की न घेता पुढं सरकवायचे, मग पेलाही. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. ज्याचं आपल्याकडून काही बिघडलंय त्याच्याशी समेट होईपर्यंत त्या मेजाशी जायचं नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. बाबांनी एकदा समजावून पाहिलं, की देवानं क्षमा केलीय. मामा म्हणाले, देवाचं देवानं केलं, त्याच्या आड मी आता लपणार न्हाई.

अशी दीड-दोन वर्षं गेली असतील. मग एका शनिवारी मामांच्या मागून फाटकातून हौसाबाई आत आल्या. आईची धांदल उडाली. हौसाबाई म्हणाल्या, "एवढी वरसं हे कुठं व्हते, ते बघाय आले." मामांनी त्यांना खोली दाखवली. त्यांनी खाटेच्या घोंगडीवरून हात फिरवला, खिळा पाहिला, पितळी मग पाहिला, खिडकीतून बाहेर काय दिसतं तेही पाहिलं. "बरं हाय की," त्या म्हणाल्या. "एकट्या माणसाला बरं हाय." मामा दारात मान खाली घालून उभे होते.

रविवारी त्या आईशेजारी बसल्या. डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू, हात मांडीत. नेमका प्रभुभोजनाचा रविवार होता. ताट आलं तेव्हा मामांनी ते पुढं सरकवलं, तसं हौसाबाईंनी मान वळवून पाहिलं आणि आईला विचारलं, हे काय वाटतात आणि ह्यांनी का घेतलं नाही. आईनं कानात थोडक्यात सांगितलं. त्या "हां" म्हणाल्या आणि पुढं बघत राहिल्या.

उपासना सुटल्यावर मामा नेहमीप्रमाणे बाक सरळ करत होते. हौसाबाई त्यांच्याजवळ गेल्या. मी गीतांची पुस्तकं गोळा करत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"पुढच्या टायमाला घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी उपाशी ऱ्हाऊ नका."

मामा बाकाला धरून तसेच उभे राहिले. हौसाबाई बाहेर येऊन आईला म्हणाल्या, गाडी किती वाजता हाय, म्हशीची धार काढायची हाय.

पुढच्या वेळी मामांनी घेतलं. बाबांनी स्वतः शेवटच्या बाकापर्यंत ताट नेलं. मामांचे हात खडीनं आणि नांगरानं खरबरीत झाले होते. त्यांनी तो तुकडा दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला आणि खूप वेळ खाल्ला नाही. बाबा ताट घेऊन तिथंच थांबून राहिले. सगळी मंडळी थांबली. घाई कर असं कुणाच्याही तोंडावर नव्हतं, पेटीवाल्या मास्तरांच्याही नाही.

त्यानंतर एकदा बाबांनी त्यांना पश्चात्तापावर बोलायला उभं केलं. मुलं पुढं सरकली. मामा जागेवरूनच बोलले. "पूर्वी मी तुमास्नी शिकवलं ते खोटं न्हवतं, पर निम्मं व्हतं. तोंड फिरवलं म्हंजी घरी पोचलो असं न्हाई. तितवर चालत जावं लागतं. आन् ग्येल्यावर दार उघडलंच असंही न्हाई. तरी जायाचं." एवढं बोलून ते खाली बसले. बाबांनी त्या दिवशी उपदेश केला नाही. सरळ प्रार्थना केली.

त्या दशकाच्या शेवटी शेवटी मामा गेले. छातीत दुखतं म्हणून एका शनिवारी आले नाहीत आणि रविवारी दुपारी कडेगावच्या एस.टी.च्या कंडक्टरनं निरोप आणला. माझं तेव्हा लग्न होऊन मी साताऱ्याला शाळेत शिकवत होते. मला वेळेवर पोचता आलं नाही. आईबाबा गेले. गावात चर्चा चालली होती की ह्यांचं काय आणि कसं करायचं. हौसाबाईंनी सांगितलं, त्यांच्या देवाच्या रीतीनं करा. रानाच्या बांधाकडेला, कडुलिंबाखाली, त्यांना पुरलं. बाबांनी प्रार्थना म्हटली, गाव टोप्या काढून उभं राहिलं. तुमच्यात बायकोनं काय करायचं असतं, असं हौसाबाईंनी विचारलं. बाबा म्हणाले, मूठभर माती. त्यांनी ती घातली.

पुढच्या सुट्टीत मी आईबरोबर त्यांना भेटायला गेले. दुपार होती. आम्हाला त्यांनी नव्या ज्वारीची भाकरी करून वाढली आणि आम्ही जेवत असताना मामांच्या गोष्टी सांगत बसल्या. म्हशीला ते हिंदीत हुकूम सोडत आणि ती ऐकायची, असं सांगताना त्या हसल्या. त्यांचं हसू मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या हसण्यानं मला धीर आला आणि मनातलं विचारलं, की तुम्ही त्यांना माफ केलंत ते कधी?

त्यांनी जरा आठवून पाहिलं.

"कवा ते ठावं न्हाई, बाई. भाकरी मी त्यांच्यापुढं ठेवायची आन् फिरायची. बोलायची न्हाई. एक दिवस ठेवली आन् बघते तर तिच्यावर लोण्याचा गोळा. मीच घातल्याला. कवा घातला ते माझं मला कळलं न्हाई. तवा म्हणलं, आरं, राग ग्येला वाटतं."

"मग त्यांना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात?" हौसाबाई म्हणाल्या. "खाल्ली की त्यांनी."